ओ. के. म्हणजे आमचे कृष्णराव

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. ते ऑफिसातल्या जुन्या नकाशांसारखे आपोआप साठत जातात. एक गुंडाळी काढायला हात घालावा, तर शेजारच्या चार अंगावर येतात! तंजावरच्या कालव्यांच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या गुंडाळ्यांचा मला भरपूर अनुभव आहे. पुढे मुलाबरोबर पुण्याला आलो आणि माझं मराठी सुधारलं, असं पुणेकर म्हणतात. बिघडलं, असं तंजावरचे म्हणतात.

परवा नात फोनवर बराच वेळ नुसतं "ओके, ओके… ओके" करत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय ठरलं?"

"काहीच नाही, आजोबा!"

आणि मला आमचे कृष्णराव आठवले.

*

गोष्ट पन्नास-साठ सालांच्या दरम्यानची. तोवर आमच्या ऑफिसात 'ओके' नावाचा प्रकार नव्हता. साहेबापुढे 'येस सर', तमिळ माणसाशी 'सरि' आणि राजवाड्यामागच्या आमच्या मराठी घरांत 'बरें'. एवढ्या तीन शब्दांवर कावेरीचं पाणी वेळेवर शेतांत पोचत होतं. मग नटराजन साहेब अमेरिकेत ट्रेनिंग घेऊन आले. येताना त्यांनी एक काळा चष्मा आणला, फुलांचा एक टाय आणला आणि 'ओके' आणलं.

आता कृष्णरावांची ओळख करून देतो. ते आमचे हेडक्लार्क. आमच्याकडे आडनाव लावत नाहीत. नावाच्या आधी गावाचं अक्षर लावतात, बापाचं लावतात, कुणी दोन्ही लावतात. कृष्णराव ओरत्तनाडूचे, म्हणून ते सही करायचे 'ओ. कृष्णराव'. आणि फाईल नजरेखालून गेली, एवढंच दाखवायचं असलं की कोपऱ्यात छोटी सही, 'ओ. के.'! त्यावरून सारं ऑफिस त्यांना 'ओके सार्' म्हणायचं. या दोन अक्षरांना इंग्रजीत आणखी काही अर्थ आहे, हे आमच्या गावीही नव्हतं.

साहेब रुजू झाले त्याच दिवशी मद्रासहून फोन आला. साहेबांच्या खोलीला अर्धंच दार होतं, आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. साहेब म्हणाले, "ओके."

कृष्णराव उठले, कोट चढवला, आत गेले. साहेबांनी हातानेच 'काय?' विचारलं. हे परत आले. कोट काढून बसतात न बसतात, तोच आतून पुन्हा, "ओके, ओके!"

पुन्हा कोट. पुन्हा आत. असं फोन संपेपर्यंत चाललं. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "मिस्टर कृष्णराव, डू यू वॉन्ट समथिंग?"

कृष्णराव घाम पुसत म्हणाले, "नो सर! यू वॉन्ट!"

*

त्यानंतर आठवड्याभरात रेकॉर्ड रूममधल्या फायली उंदरांनी खाल्ल्या. थोड्याथोडक्या नाहीत, एका अख्ख्या कालव्याचा इतिहास गेला. रेकॉर्ड कीपरने भीत भीत रिपोर्ट लिहिला की उंदीर फार झाले आहेत, कागद खाताहेत, हुकूम व्हावा. रिपोर्ट रीतीप्रमाणे कृष्णरावांकडे आला. कृष्णरावांनी रीतीप्रमाणे वाचला, कोपऱ्यात 'ओ. के.' केलं आणि आत पाठवला.

आत जो आरडाओरडा झाला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"रॅट्स आर ईटिंग द ऑफिस, अँड यू राइट ओके? धिस इज नॉट ओके!"

"सर," कृष्णराव अगदी शांतपणे म्हणाले, "धिस ओके इज मी."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना हसू आवरेना. पण त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला की कृष्णरावांनी ऑफिसात यापुढे पूर्ण सही करावी. कृष्णरावांनी हुकूम वाचला आणि वाचल्याची खूण म्हणून खाली लिहिलं, 'ओ. के.'!

*

संध्याकाळी आम्ही कृष्णरावांच्या ओट्यावर जमायचो. राजंवैनी, म्हणजे कृष्णरावांची बायको, पितळी डबऱ्यांतून, म्हणजे खोलगट वाट्यांतून, कापी आणायच्या. तशी कॉफी मला पुण्यात मिळाली नाही, आणि हे मी पुण्यात बसूनच म्हणतो! तिथे एक दिवस वाद निघाला की हे 'ओके' मुळात आलं कुठून.

आमचे स्टोअरकीपर माधवराव लढाईत नोकरी करून आलेले. ते म्हणाले, "पलटणींतलें आहे तें. दिवस संपला कीं फळ्यावर लिहीत, किती मेले? कोणी नाहीं. ओ म्हणजे शून्य, के म्हणजे किल्ड."

ग्रंथालयात पोथ्या लावणारे गोविंदशास्त्री कापी खाली ठेवून म्हणाले, "शिव शिव! मेलेले कशाला मोजता? ओंकार आहे तो. पहिलें अक्षर ओ, मग का. आपण कामाच्या आधी म्हणतों, त्यांनी काम झाल्यावर म्हणायला घेतलें. म्लेंच्छांचें सगळें उलटें!"

मी साहेबांना विचारून आलो होतो. साहेब म्हणाले होते की अमेरिकेत कुणीतरी 'ऑल करेक्ट' असं लिहायला गेला आणि दोन्ही स्पेलिंगं चुकला.

"म्हणजे सगळें बरोबर आहे, हेंच चुकीचें लिहिलें!" माधवराव म्हणाले. "असल्यांनी आपल्याला पुलांचे नकाशे शिकवायचे!"

साहेबांनी आणखी एक सांगितलं होतं. तिकडे एक बडा पुढारी होऊन गेला, त्याच्या गावाचं नाव के अक्षरावर. गावावरून त्याला लोक 'ओ. के.' म्हणायचे, ओ म्हणजे ओल्ड आणि के म्हणजे ते गाव, थोडक्यात अमक्या गावचा म्हातारा. निवडणुकीत त्या अक्षरांचा बराच गाजावाजा झाला म्हणे.

कृष्णराव एकदम ताठ बसले. "म्हणजे तोही गावाचें अक्षर लावीत होता? मग तो आपल्याकडचाच असेल, चौकशी करा."

राजंवैनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढें कशाला पाहिजे? कोणी हाक मारली कीं आपण काय म्हणतों? ओ! आणि मग काय विचारतों? कां? ओ… कां? झालें तुमचें ओके!"

माझ्या मते आजवरची ती सगळ्यात पटणारी व्युत्पत्ती आहे.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कमला वह्या तपासत बसली होती. कृष्णरावांची ही एकुलती एक मुलगी, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. गाव आणि बाप दोघांची अक्षरं लावून तिचं नाव 'ओ. के. कमला'. शाळेत ती 'ओके टीचर'. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "मुली ओके म्हणाल्या कीं मी परत विचारतें, काय समजलें तें सांगा. निम्म्या जणींना कांहीच समजलेलें नसतें."

*

मधे आमच्या घरचा एक किस्सा सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. माझ्या भाच्याने चिंचोका गिळला. पोरगं चारेक वर्षांचं. आमच्या आत्याबाई त्याला बखोटीला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मागून मी. डॉक्टर तमिळ, स्वभावाने फार गोड. त्यांनी पोराला टेबलावर बसवलं, तोंड उघडायला लावलं, बॅटरीने आत पाहिलं. काही काळजीचं दिसलं नाही. ते मायेने मान हलवत म्हणाले, "ओके… ओके…"

आत्याबाईंनी पोराच्या पाठीत सणसणीत धपका घातला. "डॉक्टर एवढें सांगत आहे ना? ओक रे, ओक!"

पोरगं आज्ञाधारक. डॉक्टरांच्या पांढऱ्याशुभ्र पॅन्टवर सकाळची इडली, सांबार आणि चिंचोका, सगळं हजर झालं.

डॉक्टर किंचाळले. आत्याबाई त्यांच्यावरच डाफरल्या, "तुम्हींच म्हणालांत कीं!" मग मी मधे पडून डॉक्टरांना तमिळमध्ये सांगितलं की आमच्या भाषेत 'ओक' म्हणजे उलटी कर. डॉक्टरांनी फार गंभीरपणे ऐकून घेतलं. त्या दिवसापासून मराठी घरातला पेशंट आला की ते दोन पावलं मागे सरकून 'सरि, सरि' म्हणायचे.

*

कमलाला स्थळं बघायला सुरुवात झाली, आणि 'ओके'ची गंमत जरा कमी झाली.

कमलाची एकच अट होती. लग्न करीन, पण शाळा सोडणार नाही. ही अट ती स्वतः सांगायची, आणि मुलासमोर सांगायची. त्या काळी मुलीने वर मान करून बघितलं तरी चर्चा व्हायची, इथे तर ही अट! राजंवैनी आतून खुणा करायच्या, कृष्णराव छताकडे बघायचे, पण कमला शांतपणे बोलून मोकळी व्हायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा. माझी मुलगी असती तर मीही छताकडेच बघितलं असतं, ते वेगळं.

पहिलं स्थळ मद्रासचं, मुलगा बँकेत. अट ऐकून तो गोड हसला आणि म्हणाला, "ओके!" घरात आनंदीआनंद. राजंवैनींनी देवापुढे साखर ठेवली. पुढल्या आठवड्यात मुलाच्या मामांनी निरोप आणला की लग्नाआधी मुलीने शाळेचा राजीनामा द्यावा.

कृष्णराव म्हणाले, "पण मुलगा ओके म्हणाला कीं!"

मामा म्हणाले, "ओके म्हणाला म्हणजे ऐकलें म्हणाला. मानलें असें कोठें म्हणाला?"

आम्ही ओट्यावर या शब्दाचे इतके अर्थ काढले होते, पण हा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

*

दुसरं स्थळ थेट कोल्हापूरकडचं. 'तंजावरची मराठी मुलगी' याचं त्यांना फार अप्रूप. पत्रापत्री झाली, फोटो गेला, फोटो आला. अटीचं मात्र त्यांना खरं वाटेना. शेवटी मुलाच्या वडिलांची इंग्रजीत तार आली, 'मुलगी नोकरी सोडेल काय?'

कृष्णरावांनी पोस्टात जाऊन उलट तार केली. मजकूर, 'नो.' आणि खाली सही, 'ओके'!

तिकडे तार पोचली ती अशी, 'नो ओके'. त्यांच्या घरात बैठक बसली. कुणी म्हणालं नकार आहे. कुणी म्हणालं, आधी नको म्हणाले, मग विचार बदलला, आणि शेवटचा शब्द तोच खरा! मुलाच्या आजोबांनी निकाल दिला की आता उशीर करण्यात अर्थ नाही.

चार दिवसांनी तंजावरच्या स्टेशनवर मंडळी उतरली. मुलगा, त्याचे आईवडील, आजोबा, काका, काकू, लहान मुलं, पेढे आणि हिरवा शालू. कृष्णराव ऑफिसात. घरी राजंवैनी एकट्या. त्यांना कोल्हापूरकडचं मराठी अर्धं समजेना, पाहुण्यांना तंजावरचं अर्धं समजेना. मी त्या दिवशी रजेवर घरीच होतो, धावत जाऊन मधे बसलो आणि मराठीतून मराठीत भाषांतर करू लागलो!

तेवढ्यात कमला शाळेतून आली. हाताला खडू, काखेत छत्री. दारात एवढी माणसं बघून तिला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. मुलाच्या आईने तिच्या हातात शालू ठेवला आणि म्हणाली, "राजीनामा दिलास ना गं?"

कृष्णराव येईपर्यंत कुणाला काही कळेना. मुलाच्या वडिलांनी तार काढून त्यांच्यासमोर धरली. "हे तुम्हीच लिहिलंत ना, नो ओके?"

"होय."

"मग?"

"नो हें उत्तर आहे," कृष्णराव म्हणाले, "आणि ओके हा मी आहें."

मंडळी भली होती. जेवून गेली. दुसऱ्या दिवशी मोठं देऊळ बघितलं, आणि पेढे आम्हीच खावेत म्हणून ठेवून गेली. शालू तेवढा परत नेला. निघताना तो मुलगा कमलाला म्हणाला, "तुमचं खरं आहे. पण आमच्या घरी नाही चालायचं." कमलाने त्याला नमस्कार केला. मला वाटतं, दोन्ही स्थळांत सरळ बोलला तो हाच.

*

त्यानंतर स्थळं येईनाशी झाली. गल्लीत बायका राजंवैनींना विचारायच्या, मुलीला चालवायचंय तरी काय, शाळा की संसार? कृष्णराव ऑफिसात गप्प बसू लागले. साहेबांनी आतून 'ओके' म्हटलं तरी उठेनात. एक दिवस कॉफी क्लबात माझ्यासमोर बसून म्हणाले, "काल रात्रीं तिला विचारलें. म्हटलें, कमले, देतेस कां सोडून?"

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, अप्पा, तुम्ही सांगाल तर सोडीन. पण ओके म्हणून नाहीं सोडणार. रडत सोडीन." कृष्णरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने बराच वेळ पुसला. "सांगायला तोंड उघडलें नाहीं रे माझें."

ते मोठ्याने वाद घालणारे गृहस्थ नव्हते. लोकांचं ऐकून त्यांनी मुलीला कधीही 'शाळा सोड' सांगून टाकलं असतं आणि तिने ऐकलंही असतं. सगळं त्या एका वाक्यावर अडून होतं, आणि ते वाक्य कृष्णराव रोज गिळत होते.

*

आणि मग तंजावरहून रेल्वेने जवळच असलेल्या पापनाशमचं स्थळ आलं.

मुलाचं नाव सुंदरराव. पापनाशमच्या तालुका ऑफिसात कामाला. घरी आई आणि तो, बस्स. रविवारी दोघं मायलेक रेल्वेने आले. कृष्णरावांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, म्हणाले, "तूं शेजारीं बैस. मी छताकडे पाहूं लागलों तर चिमटा काढ."

सुंदरराव किडकिडीत, सावळा, फारसा बोलणारा नव्हता. शिऱ्यासारखी सोजी झाली, भज्यांसारखी बज्जी झाली, कापी झाली. सुंदररावांच्या आईने कमलाला गाणं येतं का विचारलं. कमला म्हणाली, येत नाही. आई म्हणाली, "मलाही येत नाहीं," आणि हसली. मला ती बाई तिथेच आवडली.

मग कमलाने पदर सारखा केला आणि नेहमीच्या शांत आवाजात सांगितलं, "माझी एक गोष्ट आहे. मी शाळा सोडणार नाहीं."

दाराआड राजंवैनींच्या बांगड्या वाजल्या. कृष्णराव छताकडे बघू लागले, आणि मी चिमटा काढायचं विसरलो. आता हा काय म्हणतो, याकडे सगळ्यांचे कान. मी तर मनात देवाला विनवत होतो की बाबा रे, काहीही म्हण, पण ओके म्हणू नकोस!

सुंदरराव ओके म्हणाला नाही. हातातल्या रिकाम्या डबऱ्याकडे बघत बसला. त्याची आई त्याच्याकडे बघत होती. रस्त्यावरून एक बैलगाडी खडखडत आली आणि खडखडत गेली, तरी ह्याची नजर डबऱ्यातच. कृष्णरावांचा चेहरा पडत चालला. गेलं हेही स्थळ, असं मला वाटलं.

शेवटी त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच थेट कमलाकडे बघून विचारलं, "शाळा किती वाजतां भरते?"

"साडेआठला."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "पापनाशमहून इकडे येणारी पहिली गाडी फार पहांटेची आहे," तो म्हणाला. "रोज अंधारांत उठावें लागेल."

"दुसरीनें आलें तरी शाळा गांठतां येते," कमला म्हणाली. "मी परवांच स्टेशनांत विचारून आलें."